कायद्याचं विचारा : सरकारी योजनेची बिलं थकली, दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तीस खाटांचं रुग्णालय चालवतो. बायको भूलतज्ज्ञ आहे. राज्याच्या एका आरोग्य योजनेत आमचं रुग्णालय संलग्न होतं. योजना चालवणारी नोंदणीकृत सोसायटी मुंबईत आहे. मंजूर झालेली ३८ लाखांची बिलं थकली आहेत. आणखी ११ लाख 'कागदपत्रे अपुरी' म्हणून कापले. मी पत्रांमागून पत्रं धाडू लागलो, तर मध्यंतरी ई-मेल आला की तपासणीत त्रुटी आढळल्याने तुमची संलग्नता निलंबित करण्यात येत आहे. खुलासा मागितला नाही, तपासणी अहवालही दिला नाही. आमच्याकडे डायलिसिसचे रुग्ण आठवड्यातून दोनदा येतात, त्यांना मी काय सांगू? करारात लिहिलंय की सर्व वाद मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील. पुतण्या वकील आहे. तो म्हणतो, मुंबईत रिट टाकू, सगळं एकदम निघेल. सीए म्हणतात एमएसएमईकडे जा. एक डॉक्टर मित्र ग्राहक मंच सुचवतो. नेमकं कोर्ट कोणतं?
— एक डॉक्टर, लातूर जिल्हा (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्याच्या पोटात तीन भांडणं आहेत. निलंबन हे पहिलं, मंजूर होऊन अडकलेले ३८ लाख हे दुसरं आणि कापलेले ११ लाख हे तिसरं. कोर्ट कोणतं हे तुम्ही काय मागता त्यावर ठरतं. तिन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्यात, तर सगळ्यात कच्ची मागणी बाकीच्या दोघींनाही घेऊन बुडेल. मी काही वर्षं सरकारच्या बाजूने उभी राहिले आहे, त्यामुळे समोरून काय येणार ते मला पाठ आहे. सरकारी वकील पहिल्याच तारखेला उठून म्हणतो, "मायलॉर्ड, यात वस्तुस्थितीचाच वाद आहे, पुरावा नोंदवावा लागेल, याचिका चालण्याजोगी नाही." मीही हे अनेकदा म्हटलंय. बऱ्याचदा ते चालतं.

निलंबनापासून सुरुवात करू, कारण घाई तिथेच आहे. इथे तुम्हाला पैसे नकोत, एक आदेश रद्द करून हवा आहे. त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी कृतीविरुद्धची थेट याचिका. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, ही पळवाट जुनी झाली. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकरणात, अजय हासिया खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगून ठेवलंय की नोंदणीकृत सोसायटी जर सरकारच्या पैशावर आणि सरकारच्या ताब्यात चालत असेल, तर तीही 'राज्य'च. म्हणून तुमच्या याचिकेत त्या सोसायटीची नियमावली लागली पाहिजे : अध्यक्ष कोण, सदस्य सचिव कोण, पैसा कुठून येतो. वकील हे जोडायला विसरतात आणि मग पहिला तास त्यातच जातो.

आदेशाच्या गुणदोषांत तुमची बाजू भक्कम दिसते. ज्याला काळ्या यादीत टाकायचं त्याचं आधी ऐकून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या इरुशियन इक्विपमेंट निकालात सांगितलं. २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटी प्रकरणात त्याहून पुढे जाऊन म्हटलं की नुसती नोटीस पुरत नाही, 'तुमच्यावर अमुक कारवाई करण्याचा विचार आहे' हे त्या नोटिशीत लिहिलेलं असावं लागतं. निलंबन आणि काळी यादी यांत फरक आहे असं समोरचे म्हणतील. म्हणू द्या. पण मुदत न घातलेलं निलंबन रुग्णालयाच्या दृष्टीने तेच आहे, आणि तुम्हाला तर एका ओळीचीही नोटीस आलेली नाही.

आता रिट कुठे? पुतण्या म्हणतो मुंबईत. मी म्हणते औरंगाबाद खंडपीठात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. अनुच्छेद २२६ च्या दुसऱ्या खंडाप्रमाणे कार्यालय कुठेही असो, वादाचं कारण अंशतः जरी एखाद्या उच्च न्यायालयाच्या हद्दीत घडलं, तरी त्या न्यायालयाला अधिकार मिळतो. २०१४ चं नवल किशोर शर्मा प्रकरण वाचायला सांगा पुतण्याला. बिहारचा एक खलाशी, नोकरी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे मुख्यालय मुंबईत. आजारपणामुळे नोकरीसाठी अपात्र ठरवल्याचं पत्र त्याला गावी मिळालं, तिथूनच तो पत्रव्यवहार करत राहिला. पाटणा उच्च न्यायालय म्हणालं आमचा अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. तुमच्या बाबतीत तर आदेश लातूर जिल्ह्यात मिळाला, रुग्णालय तिथे, तपासणी तिथे झाली, आणि ज्यांचं डायलिसिस अडलं ते रुग्णही तिथलेच. मात्र कुसुम इनगॉट्स (२००४) मधला इशारा लक्षात ठेवा : कारणाचा कुठलाही किरकोळ तुकडा चालत नाही, तो वादाच्या गाभ्याशी जोडलेला हवा. म्हणून याचिकेत 'आदेश ई-मेलने प्राप्त झाला' एवढ्यावर थांबू नका. तपासणी पथक कधी आलं, कोणते वॉर्ड पाहिले, काय कागद नेले, हे सगळं लिहा.

इथे एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा ही चार उच्च न्यायालयं नव्हेत. कोर्ट एकच, मुंबई उच्च न्यायालय, बसण्याच्या जागा वेगळ्या. औरंगाबादची बैठक १९८१ पासून आहे आणि मराठवाड्यातली प्रकरणं तिथे दाखल होतात. वाचकांपैकी कोणी सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले असतील तर त्यांच्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे. जुन्या सवयीने मुंबईची गाडी पकडू नका.

आणि करारातलं ते मुंबईचं कलम? रिटला ते आडवं येत नाही. गंमत म्हणजे या मुद्द्यावरचा सगळ्यात उपयोगी निकाल बुद्धिबळाचा आहे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत सगळे वाद चेन्नईच्या न्यायालयांत, असं कलम होतं. महाराष्ट्र चेस असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायालयाने त्या कलमाकडे बोट दाखवून याचिका ऐकायला नकार दिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. संविधानाने दिलेला रिटचा अधिकार दोन पक्षांनी आपसात लिहिलेल्या कलमाने काढून घेता येत नाही. असं कलम न्यायालय फार तर विचारात घेईल, पण त्याने बांधलं जाणार नाही. हा निकाल याचिकेला जोडाच.

अंतरिम स्थगिती मागताना डायलिसिसचे रुग्ण पुढे आणा. किती रुग्ण, जवळचं दुसरं संलग्न केंद्र किती किलोमीटरवर, एका फेरीला एसटीचं भाडं किती. न्यायमूर्तींना हे आकडे तुमच्या ३८ लाखांपेक्षा लवकर कळतात. फक्त रुग्णांची नावं आणि रेशन कार्डाचे क्रमांक झाकून कागद लावा. रुग्णाची फाईल तुमची असली तरी त्याचा आजार तुमचा नाही.

दुसरं भांडण, ३८ लाखांचं. 'पैशासाठी रिट नाही' हे वाक्य कोर्टाच्या कँटीनमध्येही ऐकू येतं, आणि त्याला आधार आहे. १९६४ च्या सुगनमल निकालात केवळ रक्कम परत मिळवण्यासाठीची याचिका नाकारली गेली. केरळ वीज मंडळाच्या २००० सालच्या प्रकरणात कंत्राटदाराच्या बिलाचं भांडण दिवाणी न्यायालयात न्या, असं सांगितलं गेलं. पण २००३ मध्ये एबीएल इंटरनॅशनल निकाल आला. निर्यात विमा देणाऱ्या सरकारी कंपनीने दावा नाकारला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करारातून उद्भवलेला वाद असला, पैशाची मागणी असली, तरी समोर राज्याची संस्था आहे, ती मनमानी करते आहे आणि वस्तुस्थितीवर खरा वाद नाही, तर रिट चालू शकते.

तेव्हा सगळी मदार 'मंजूर' या शिक्क्यावर. पोर्टलवर ज्या बिलांपुढे मंजूर रक्कम दिसते त्यांचे स्क्रीनशॉट काढा, तारखेसह. निलंबनानंतर लॉगिन बंद होतं, हे मी पक्षकारांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता फोनवर पहिलं वाक्य तेच सांगते. प्रत्येक बिलाला एक ओळ : प्रीऑथ (उपचाराच्या पूर्वमंजुरीचा) क्रमांक, शस्त्रक्रिया किंवा उपचार, डिस्चार्जची तारीख, मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, आलेली रक्कम. मंजुरीची तारीख आणि आजची तारीख यांतलं अंतर शेवटच्या रकान्यात. हा तक्ता नीट असेल तर निलंबनाच्याच याचिकेत दुसरी विनंती म्हणून ३८ लाख मागा : मंजूर रक्कम ठरावीक मुदतीत द्या किंवा का देत नाही ते कारणांसह सांगा. एवढं मागितलं तर ते मिळण्याची शक्यता चांगली. व्याज मागा, पण त्यावर अडून बसू नका.

योजनेत तक्रार निवारण समिती असेल तर तिच्याकडे आधी अर्ज द्या. आयुष्मान भारतच्या रचनेत जिल्हा पातळीवरची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि वर राज्य पातळीवर अपील असतं. अर्ज दिला नाही तर 'पर्यायी मार्ग वापरला नाही' हा आक्षेप येईल. निलंबनाला मात्र हा आक्षेप लावू देऊ नका : नैसर्गिक न्याय, म्हणजे आधी ऐकून घेण्याचा नियम, डावलला असेल तर पर्यायी मार्ग असूनही रिट चालते, हे व्हर्लपूल निकालात (१९९८) स्पष्ट आहे.

आता ते ११ लाख. हे रिटमध्ये घालू नका, मोह झाला तरी. 'सोनोग्राफीचा फोटो जोडला होता की नाही', 'आयसीयूतले दोन दिवस गरजेचे होते की नाही' ही साक्षीपुराव्याची भांडणं आहेत. त्यासाठी आधी करार उघडा आणि लवादाचं कलम आहे का बघा. असेल तर दिवाणी कोर्टाचा रस्ता तिथेच संपतो. समोरच्या पक्षाने अर्ज दिला की कोर्ट तुम्हाला लवादाकडे पाठवेल. लवादाचं स्थान मुंबई लिहिलेलं असेल तर पुढची सगळी न्यायालयीन कामं मुंबईची. आणि 'लवाद सोसायटीचे मुख्य अधिकारी एकट्याने नेमतील' असं लिहिलेलं असेल तर ते मान्य करू नका. अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून ठरलेलं आहे.

लवाद नसेल तर हा वाणिज्य विवाद. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात सेवा पुरवण्याचे करार येतात, आणि एक बाजू सरकार किंवा सरकारी यंत्रणा आहे म्हणून वाद वाणिज्य राहात नाही असं नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान मूल्य ३ लाख. तुम्ही ११ लाखांवर आहात. तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची (कलम १२अ). ती न करता दावा लावलात तर तो फेटाळला जाईल, असं पाटील ऑटोमेशन निकालाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी सांगितलं. राज्य सरकारलाही प्रतिवादी करत असाल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी.

आणि या दाव्यासाठी, हो, पुतण्याचं मुंबई बरोबर असू शकतं. रिटचा नियम इथे लागू नाही. दोन न्यायालयांना अधिकार असेल तर पक्षांनी करारात त्यांतलं एक निवडलेलं चालतं, हे १९७१ पासून, हाकम सिंग निकालापासून, पक्कं आहे. करारात 'फक्त' किंवा 'केवळ' हा शब्द नाही म्हणून सुटका होत नाही, हे स्वस्तिक गॅसेसने २०१३ मध्ये सांगितलं. सोसायटीचं मुख्य कार्यालय मुंबईत, म्हणजे मुंबईला अधिकार आहेच असं ते म्हणतील. तुमच्या हातात एक फट आहे : पटेल रोडवेज, १९९१. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, करारात मुंबईचं कलम, पण माल तामिळनाडूतल्या शाखेत बुक झाला होता आणि मुंबईत काहीच घडलेलं नव्हतं. न्यायालयाने म्हटलं, जिथे शाखा आहे आणि कारणही तिथेच घडलं, तिथलंच कोर्ट. मुंबईला मुळात अधिकार नाही, मग कराराने तो कुठून येणार? तेव्हा सोसायटीचं लातूरला जिल्हा कार्यालय आहे का, करारावर सह्या कुठे झाल्या, कपातीचा निर्णय कुठे झाला, हे शोधा. निर्णय मुंबईत झाला असेल तर ही फट अरुंद आहे, शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ज्या स्पष्टीकरणावर पटेल रोडवेज निकाल उभा आहे, त्यातलं 'कॉर्पोरेशन' सोसायटीला म्हणायचं का यावर समोरचा वकील तासभर बोलेल. ११ लाखांसाठी हा तास विकत घ्यायचा का, ते तुम्ही ठरवा. 'दाव्यास कारण लातूर येथे घडले' हे वाक्य लिहायला सोपं आहे, टिकवायला खर्चिक.

म्हणूनच तुमच्या सीएंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तुम्ही उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केली असेल, आणि सूक्ष्म किंवा लघु या वर्गात बसत असाल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यातली सुलभीकरण परिषद अधिकारक्षेत्राचा प्रश्नच उलटा करते. कलम १८(४) म्हणतं, पुरवठादार ज्या परिषदेच्या हद्दीत, तीच परिषद वाद ऐकेल, खरेदीदार भारतात कुठेही असो. तुम्हाला मुंबई गाठायची नाही, त्यांनी यायचं. ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या पैशावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरायची. करारात लवाद असला तरी हा मार्ग वरचढ ठरतो, हे महाकाली फूड्स निकालाने (२०२२) सांगितलं. अडचणी दोन. नोंदणी करारानंतरची असेल तर भांडण लांबेल, आणि २०२५ मध्ये हा नोंदणीचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला आहे. दुसरी अडचण जास्त चिवट : सेवा कोणी 'घेतली'? उपचार रुग्णाने घेतले, पैसे सोसायटी देणार. सोसायटीला 'खरेदीदार' ठरवावं लागेल. मला वाटतं ठरवता येईल, कारण दर त्यांनी ठरवला, पूर्वमंजुरी त्यांनी दिली. पण हा माझा युक्तिवाद आहे, निकाल नव्हे.

ग्राहक मंचाचं सोडून द्या. तिथे डॉक्टर उभा राहतो तो समोरच्या बाजूला. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणणाऱ्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानंतर हे तुमच्या मित्राला वेगळं सांगायला नको.

मुदत विसरू नका. थकलेल्या पैशासाठी साधारण तीन वर्षं, आणि ती प्रत्येक बिलाची वेगळी मोजा. पहिल्या कापलेल्या बिलाची तारीख मला तुमच्या पत्रात दिसली नाही. ती आजच काढा. 'आपले देयक प्रक्रियेत आहे' असं सहीचं पत्र मुदत संपण्यापूर्वी हातात आलं असेल तर ते सोन्यासारखं जपा, ऋण मान्य केल्याचा युक्तिवाद त्यावर उभा राहू शकतो.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मतिमंद मुलांसाठीच्या एका केंद्रात थेरपिस्ट आहे. तिथल्या राज्य सरकारकडून मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे) दर फार कमी मिळतात, केंद्र बंद पडेल म्हणते. तिकडे कोर्टात जाता येतं का?
— एक निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : ताई, मी तिकडची वकील नाही, पण हा विषय वाचलेला आहे. केंद्र सरकारच्या न्यायालयात हे जवळजवळ बंद झालंय. आयडाहो राज्यात अशाच, अपंगांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांनी दर वाढवून मागितले. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्या जिंकल्या. ३१ मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आर्मस्ट्राँग प्रकरणात, ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना बाहेर काढलं. कायद्यात दर पुरेसे असावेत असं म्हटलंय, पण ते पाहणं केंद्र सरकारच्या आरोग्य सचिवांचं काम, त्यांनी राज्याचा निधी रोखावा, संस्थांनी त्यासाठी दावा लावू नये, असा त्याचा मथितार्थ. १९९० मध्ये व्हर्जिनियातल्या रुग्णालयांना असा दावा लावण्याचा हक्क त्याच न्यायालयाने दिला होता, पण ज्या तरतुदीवर दिला ती संसदेने १९९७ मध्ये काढून टाकली. आणि २६ जून २०२५ च्या मेडिना निकालाने, साउथ कॅरोलायनाच्या प्रकरणात, दार आणखी लोटलं.

मागची थकबाकी तर केंद्रीय न्यायालयात मागताच येत नाही, राज्याला तिथे घटनेचं संरक्षण आहे. आपल्याकडे अनुच्छेद ३०० मुळे राज्यावर सरळ दावा लावता येतो, ही आपल्याला नेहमीची वाटणारी सोय तिथल्या डॉक्टरांना केंद्रीय न्यायालयात मिळत नाही. म्हणून तिकडे थकलेल्या बिलांचं भांडण आधी राज्याच्याच खात्यात, प्रशासकीय सुनावणीत, आणि मग राज्याच्या न्यायालयात जातं. न्यूयॉर्क, ओहायो, इलिनॉय, मिशिगन अशा काही राज्यांत राज्यावरच्या पैशाच्या दाव्यांसाठी वेगळं 'कोर्ट ऑफ क्लेम्स' आहे. मुलीला केंद्राच्या व्यवस्थापकांना हे विचारायला सांगा : दर कमी आहे ही तक्रार आहे, की ठरलेल्या दराने बिल दिलं नाही ही? दुसरी असेल तर नकाराच्या पत्रावर सुनावणी मागण्याची शेवटची तारीख छापलेली असते. ती मुदत राज्यागणिक वेगळी आणि बऱ्याचदा फार थोडी असते, तेव्हा तिथल्या वकिलाला या आठवड्यातच फोन करू दे.